आधी चूल, मग खोली

रात्री इशाची नमाज झाली की ग्वादालाहाराहून थोरल्याचा फोन येतो. मेक्सिकोत तेव्हा सकाळ असते. तो कामावर निघण्याच्या घाईत असतो आणि इकडे कल्याणला आमचे जेवण उरकून दस्तरखान गुंडाळलेला असतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला तिकडे पाठवले. फोनवर पहिला प्रश्न अम्मींचा, "काय जेवलास?" उत्तर ठरलेले: अंडी, मासे, भात, मक्याच्या भाकऱ्या. ग्वादालाहारा ज्या हालिस्को प्रांतात आहे तिथली 'बिरिया' प्रसिद्ध. बोकडाचे मटण लाल मिरचीच्या वाटणात तासन् तास शिजवायचे आणि रस्सा मक्याच्या भाकरीशी खायचा. थोरला रोज त्या वासातून चालत जातो, पण मटण हलाल नाही म्हणून थांबत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्याने सांगितले, "जुलैत तीन आठवडे येतोय. घरी राहूच, पण दोन रात्री सगळे मिळून बाहेर जाऊ. दादी, फुफी, चाचा, सगळे. पाऊस असेल, नदी असेल. आणि एकदा चुलीवरचं मटण आणि तांदळाची भाकरी."

अब्बांच्या इंतकालानंतर सहा वर्षांत आमची सगळी भावंडे एका दस्तरखानावर जेवली नव्हती. भिवंडीच्या आपा, मुंब्र्याचा धाकटा, पनवेलची बहीण. लग्नाला, मय्यतीला भेटी होतात, पण त्या तासाभराच्या. अम्मी आता ७८ वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले. लांबचा प्रवास नको, जिने नकोत. लहानमोठी मिळून आम्ही चौदा माणसे. एवढ्यांना पुरेल असे आणि जवळचे ठिकाण म्हणून आमच्या मनात आले ते बदलापूरच्या पुढचे चामटोली.

फोटो पाहून घेतलेला धडा

चामटोली अंबरनाथ तालुक्यातले गाव. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, उल्हास नदीच्या खोऱ्यात. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला चंदेरी आणि ताहुलीचे डोंगर, मधून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग. गेल्या काही वर्षांत इथल्या भातशेतांत फार्महाऊस आणि भाड्याचे बंगले उभे राहिले. शहरात ज्याला 'बुटीक हॉटेल' म्हणतात, म्हणजे मोजक्या खोल्यांचे आणि मालकाच्या आवडीने सजवलेले, तसली घरेही आता या पट्ट्यात मिळतात.

असला एक अनुभव आम्ही याआधी घेतला होता. दुसऱ्या एका गावात, नुसते फोटो पाहून. फोटोत पोहण्याचा तलाव होता, झोपाळा होता, रंगीत दिवे होते. तिथे पोहोचल्यावर कळले की स्वयंपाकघराला कुलूप आहे आणि जेवण मालकाच्या माणसाकडूनच घ्यायचे. कोंबडी कुठून आली, कुणी कापली, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. तळण्याचे तेल एकच होते. शेजारच्या खोल्यांत रात्रभर बाटल्या आणि गाणी चालली. आम्ही दोन दिवस डाळभात खाल्ला, आणि आपांनी डब्यातून आणलेल्या खजुरावर मुलांनी दिवस काढले. डाळभाताबद्दल तक्रार नाही. पण एवढे पैसे मोजून आपण काय निवडले, असे मनात आलेच.

थोरल्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "अब्बा, तुम्ही खोली आधी निवडलीत. चूल आधी निवडायची असते."

ओआहाकाचा अनुभव

ही गोष्ट त्याला मेक्सिकोत कळली होती. मेक्सिकोचे पारंपरिक खाणे युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात घेतले. पण 'मेक्सिकन जेवण' असे एक काही नाही, जसे 'मराठी जेवण' असे एक नाही. कोल्हापूरचे वेगळे, खानदेशचे वेगळे, आपल्या कोकणी घरातले वेगळे. तिकडेही पुएब्लाचे वेगळे, युकातानचे वेगळे. दक्षिणेतला ओआहाका प्रांत तर 'सात मोलेंचा मुलूख' म्हणवतो. मोले म्हणजे वाटण: कितीतरी जातींच्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले, काळ्या मोलेत चॉकलेटही. मे महिन्यात आपल्याकडे मसाला भाजताना गल्लीभर ठसका उठतो, तोच प्रकार.

थोरला रजेत तीन दिवस ओआहाका शहरात गेला होता. तिथे जुन्या वाड्यांची छोटी हॉटेले झाली आहेत: मधे चौक, भोवती सातआठ खोल्या. त्याच्या सहकाऱ्याने त्याला सुचवले की खोल्यांचे फोटो बाजूला ठेव आणि आधी कुठे जेवायचे ते ठरव. तिथला 'वीस नोव्हेंबर' नावाचा बाजार खाण्यासाठी नावाजलेला. त्या बाजारापासून रात्री पायी परतता येईल एवढ्या अंतरातच त्याने घर शोधले.

दुसरी अडचण आपल्या माणसांची. मेक्सिकोत डुकराची चरबी कितीतरी पदार्थांत असते आणि ती दिसत नाही. घोटलेल्या घेवड्यात असते, तामालेच्या पिठात असते. ओआहाकाची त्लायुदा म्हणजे मक्याची ताटाएवढी कडक भाकरी, तिच्यावर सारवतात ती 'असिएन्तो' म्हणजे तीच चरबी. पाटीवर फक्त घेवडा आणि चीज लिहिलेले असते. म्हणून त्याने भाषेतले पहिले शब्द शिकले ते 'सिन मान्तेका', म्हणजे चरबी नको. मक्याच्या साध्या भाकरीत मात्र सहसा मका, चुना आणि पाणी एवढेच असते. चुन्याच्या पाण्यात मका शिजवतात, मग दळतात.

त्याने तीन घरमालकांना लिहिले. दोघांनी खोलीचे दर कळवले. तिसऱ्या बाईंनी दर कळवलेच, पण विचारले, "तुम्ही काय खात नाही?" त्याने तेच घर घेतले. त्या बाई सकाळी त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर, तेलात अंडी करत. एका संध्याकाळी त्यांनी लसूण-लिंबू लावून भाजलेले नाकतोडेही समोर ठेवले. तिकडे ते आवडीने खातात. त्याने रात्री फोन करून दादींना विचारले. अम्मी म्हणाल्या, "टोळ हलाल आहे, हदीसमध्ये आहे. पण हलाल आहे म्हणून खाल्लाच पाहिजे असं कुठे आहे?" त्याने खाल्ला की नाही, हे त्याने आजपर्यंत सांगितलेले नाही.

नाव विचारल्यावर

आम्ही चामटोली भागातल्या जागांचे नंबर काढले आणि थोरल्याच्या पद्धतीने विचारू लागलो. स्वयंपाकघर वापरायला मिळेल का? आमचे मटण, आमची कोंबडी आणली तर चालेल का? तळमजल्यावर खोली आणि लागून न्हाणीघर आहे का? शेजारी पार्ट्या असतात का? बायकांना मोकळेपणाने बसता येईल असे अंगण आहे का?

बहुतेकांनी नीट उत्तरे दिली. एका ठिकाणी सगळे ठरले, तारीख मोकळी होती, आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी त्यांनी नाव विचारले. आम्ही नाव सांगितले. पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग, "पाहून सांगतो." दहा मिनिटांनी निरोप आला की ती तारीख आधीच गेली आहे, चुकून सांगितले. त्या जागेचे नाव लिहीत नाही. खरोखर चूक झाली असेल तर त्यांच्यावर अन्याय नको. आणि चूक नसेल, तर असा अनुभव वाचकांना नवा नाही.

धाकटी मुलगी चिडली. म्हणाली, "माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या नावावर घेऊ. ती हो म्हणेल." सोपे होते. कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाने घेतलेल्या घरात मला झोप लागायची नाही. नाव सांगून जे मिळेल तेच घ्या. नाही मिळालं तर आपली गच्ची आहे."

त्यामुळे फोन बंद केले. जाऊन, समोर बसून विचारायचे ठरवले.

नदीकाठचा बंगला

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, आम्ही दोघे सकाळच्या लोकलने निघालो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. एवढ्या वर्षांत या गाडीने कितीदा गेलो, पण खाण्याच्या नजरेने हा मार्ग कधी पाहिला नव्हता. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या बराकींत ठेवले. १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, पण वस्त्यांना लोक आजही कॅम्प नंबर एक, दोन असेच म्हणतात. घरदार सोडून आलेल्या माणसांनी सोबत आणली ती चूल: दाल पकवान, कोकी, सेयल पाव. बदलापूर स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात जांभळे घेऊन बायका बसल्या होत्या. बदलापूरच्या जांभळाचे नाव आहे. एक द्रोण घेतला आणि जीभ जांभळी करूनच रिक्षात बसलो.

पहिला बंगला नदीला लागून. पाहताक्षणी आवडावा असा. ओट्यावर बसले की खाली उल्हास, पलीकडे झाडी. पाच खोल्या, सगळ्या तळमजल्यावर. मालक माणूसही चांगला. नाव विचारले, ऐकले, आणि तसाच पुढे बोलत राहिला. स्वयंपाकघर देतो म्हणाला. दरही आमच्या आवाक्यात. म्हणाला, "जुलैत या. पाणी अगदी पायरीपर्यंत येतं, मुलं वेडी होतात."

पायरीपर्यंत येते, हे आमच्या दोघांच्याही मनात अडकले.

बाहेर टपरीवर चहा घेताना एका वयस्क गृहस्थांना सहज विचारले, इथे पाणी किती चढते. त्यांनी हात वर करून टपरीच्या पत्र्याकडे बोट दाखवले. "एकोणीस साली एवढं होतं. त्या साली गाडी अडकली ना, ती इथेच."

आम्हाला ती रात्र आठवली. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीच्या परिसरात पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर माणसे रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस डब्यांत. गरोदर बाया, तान्ही मुले. बाहेर जिकडे पाहावे तिकडे पाणी. २७ तारखेला एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आले, गावकरी धावले आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. आम्ही तेव्हा घरात बसून टीव्हीवर ते पाहिले होते. तो जागेवर उभे राहून पाहण्याचा भाग आता आला. लोहमार्गाचा भराव शेतांपेक्षा उंच असतो. त्या भरावावरची गाडी जिथे अडकते, तिथे नदीला लागून असलेल्या ओट्याचे काय होत असेल? आणि त्या ओट्यामागच्या खोलीत, गुडघे न वाकणाऱ्या अम्मी?

पूररेषा हा शब्द आपण बातम्यांत वाचतो. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बंधने असतात. आम्ही परत जाऊन मालकाला विचारले, तुमचा बंगला कोणत्या रेषेत येतो? तो म्हणाला, "एवढं कुणी विचारत नाही." माणूस चांगला होता, हे पुन्हा सांगतो. पण उत्तर मिळाले नाही.

त्या रात्री थोरल्याला फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. नदीकाठचा बंगला घेणार नाही. आणि जमत असेल तर जुलैऐवजी डिसेंबरात ये. तो थोडा वेळ गप्प राहिला. पावसासाठी तो दोन वर्षे थांबला होता. मग म्हणाला, "डिसेंबरात काय असतं?"

"पोपटी," आम्ही म्हणालो.

मावशींची चूल

डिसेंबर सुचवता आला, कारण त्याच दिवशी दुपारी आम्ही दुसरे घर पाहिले होते. रस्त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूने. फोटो काढण्यासारखे त्यात काही नाही. चार खोल्या, कौलारू पडवी, सारवलेले अंगण, शेवग्याची दोन झाडे. मालक आगरी जोडपे. मागच्या घरात ते स्वतः राहतात. पोहण्याचा तलाव नाही. नदी दिसत नाही. पुराचे पाणी इथवर कधी आलेले नाही, हे मावशींनी सांगितले आणि येताना रस्त्यातल्या दुकानदारानेही सांगितले होते.

आम्ही नाव सांगितले. मावशींनी विचारले, "म्हंजे मटन तुमी तुमचा आनाल ना?"

आमचा प्रश्न त्यांनीच विचारून टाकला. पुढे म्हणाल्या, "आना. मसाला माझा, चूल माझी. टोप नवा हवा असल तर तुमचा घेऊन या, मला राग नाय. पोपटीचा मडका तर नवाच असतो. आनि पार्टीवाल्यांना मी घर देत नाय, पोरी-सुना हायेत घरात."

ओआहाकाच्या बाईंनी विचारले होते, तुम्ही काय खात नाही. चामटोलीच्या मावशींनी तेच वेगळ्या शब्दांत विचारले. आम्ही तिथेच आगाऊ रक्कम दिली, स्वतःच्या नावाने, आणि पावती घेतली. खोल्या त्यानंतर पाहिल्या.

दोन रात्री, चार चुली

थोरला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. शुक्रवारी जुम्याची नमाज कल्याणलाच झाली आणि दुपारनंतर तीन गाड्या करून आम्ही चौदा जण निघालो. वाटेत उल्हासनगरला कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात थांबलो. दाल पकवान खरे तर सकाळचे खाणे, पण दुकानदाराने उरलेले दिले. मैद्याचे कडक तळलेले पकवान, त्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. थोरला म्हणाला, "ही तर त्लायुदाची बहीण. फक्त असिएन्तो नाही." दुकानदाराला काही कळले नाही, पण तो मोकळेपणाने हसला आणि अम्मींसाठी आतून खुर्ची घेऊन आला.

रात्रीचे मटण मावशींचे. बोकड कल्याणच्या आमच्या नेहमीच्या कसायाकडून घेतलेला, टोपही आमचा. आगरी मसाल्याचा लालभडक रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. आमच्या घरचा रस्सा नारळाच्या दुधाचा, सौम्य. हा तसा नाही. आपा आणि मावशी चुलीपाशी बसून मसाल्यावर बोलत राहिल्या: कुणी मिरच्या कोणत्या घेते, कुणी धणे किती. थोरल्याने पहिला घास घेतला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "हीच बिरिया. दोन वर्षं याच वासातून चालत होतो."

त्यात फार आश्चर्य नाही. मिरची मूळची तिकडची. मेक्सिकोच्या भागातून ती युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या जेवणात तिखटपणा होता तो मिरीचा. मका तिकडचा, टोमॅटो तिकडचा. आपल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण चिकूचे झाडही मूळचे मेक्सिकोकडचे. थोरल्याने हे सांगितले तेव्हा मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मंग तिकडच्यांना सांग, मिरची आमाला बरी जमली."

दुसऱ्या संध्याकाळी पोपटी. वालाच्या शेंगा भरल्या की ठाणे-रायगडच्या शेतांत पोपटी लागते. मातीच्या नव्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला. त्यावर शेंगा, ओवा, जाडे मीठ. मधे मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बटाटे, अंडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला दाबून भरायचा आणि मडके जमिनीवर उपडे ठेवायचे. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचे. पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून पाहतात. ते चर्र करून लगेच उडाले की झाली. कोंबडी आम्ही सकाळी आणलेली होती, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज पडली नाही.

थोरला मडक्यापासून हलेना. मेक्सिकोतल्या इदाल्गो प्रांतात मेंढीचे मटण घायपाताच्या जातीच्या झाडाच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर भाजतात. त्याला बार्बाकोआ म्हणतात. त्याने ते लांबून पाहिले होते, खाल्ले नव्हते. इथे त्याने मडके उघडणाऱ्या काकांच्या शेजारी बसून पहिली शेंग हातात घेतली, ती सोलून दादींच्या ताटात ठेवली, मग स्वतः खाल्ली.

चौथी चूल आमचीच. रविवारी सकाळी भिवंडीच्या आपांनी मावशींच्या चुलीवर अकनी केली: मटणाच्या आकणीत शिजवलेला भात. मावशींच्या घरच्यांनाही ताट गेले. मावशींनी चाखून पाहिले आणि विचारले, "यात मिरची कुठाय?"

काय विचाराल

चामटोलीत किंवा कुठेही, कुटुंबासाठी राहण्याची जागा पाहताना आम्ही आता काय विचारतो ते लिहून ठेवतो. कुणाच्या उपयोगी पडेल.

स्वयंपाक कोण करते, कोणत्या तेलात करते, आणि आपले मटण-कोंबडी शिजवून देतात का, हे पहिले. उत्तर देताना माणूस चाचरतो की मोकळेपणाने बोलतो, यावरून पुढचे दोन दिवस कसे जातील ते कळते. मासे आणि शाकाहार हा सगळीकडचा सोपा मार्ग आहे, परदेशात तर फारच. पण तिथेही चरबीचा प्रश्न विचारायला विसरू नये.

नदीकाठ असेल तर पाणी कुठवर आले होते हे मालकाला विचाराच, पण शेजारच्या टपरीवरही विचारा. २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या जुलै महिन्याबद्दल विचारा. पावसाळ्यात पूररेषेच्या आतली जागा घेऊ नका, दर कितीही कमी असो. जागा पर्यटन विभागाकडे नोंदवलेली आहे का, हेही विचारा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे आणि शेतातल्या अशा केंद्रांची नोंदणी होते.

घरात म्हातारे माणूस असेल तर खोलीपासून न्हाणीघरापर्यंत स्वतः चालून पाहा आणि पायऱ्या मोजा. वजूसाठी बसून पाय धुता येतील अशी जागा आहे का तेही पाहा. किब्ल्याची दिशा आधी होकायंत्राने काढून ठेवा. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेच्या थोडा उत्तरेला येतो. डिसेंबरात सूर्य मात्र पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. पहिल्या दिवशी मगरिबला आमची मुले मावळतीकडे तोंड करून मुसल्ले अंथरत होती. अम्मींनी खुर्चीवरूनच त्यांना वळवले.

आणि नाव खरे सांगा. काही दारे बंद होतील. पण जे उघडेल त्यात निर्धास्त झोपता येईल.

रविवारी दुपारी निघताना मावशींनी वालाच्या शेंगांची पिशवी अम्मींच्या मांडीवर ठेवली. अम्मींनी पिशवीत हात घालून दोन शेंगा चाचपल्या आणि विचारले, "पुढच्या वर्षी याच दिवसात घर मोकळं असेल का?" मावशी म्हणाल्या, आत्ताच लिहून ठेवते. आतून वही आणली, पेन्सिल आणली. धाकटी मुलगी पुढे होऊन नाव सांगू लागली. अम्मी म्हणाल्या, "थांब, मी सांगते," आणि आपले पूर्ण नाव त्यांनी अक्षर अक्षर करून लिहून घेतले.